जुन्या वळणाच्या विमानासाठी घरगुती ट्रान्समीटर: काय स्वतः बांधावं, काय तयार आणावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १९५०च्या दशकातल्या आराखड्यावरून तुम्ही १८० सेंटिमीटर पंखांचं विमान बांधलंय. इलेक्ट्रिक मोटर आहे. रडर (शेपटीचं उभं सुकाणू), एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा आडवा भाग) आणि थ्रॉटल (मोटरचा वेग) एवढंच चालवायचंय. विमान जुन्या वळणाचं आणि हातात मात्र स्क्रीनवाला आजचा ट्रान्समीटर, हे तुम्हाला खटकतंय. जुन्या मासिकात २७ मेगाहर्ट्झच्या, एका बटणाच्या ट्रान्समीटरचं सर्किट सापडलं आणि ते जसंच्या तसं बांधावं का, असं तुम्ही विचारलंय. सोल्डरिंग चांगलं येतं, प्रोग्रॅमिंग जेमतेम, असंही लिहिलंय.

खटकण्याचं कारण मला पुरेपूर पटतं. असं विमान हवेत संथ चालतं, वळताना आख्खं अंग कलतं, आणि ते उडवायची मजा निम्मी हातातल्या डब्यात असते. मी अशा विमानांसाठी आजवर सहा ट्रान्समीटर बांधलेत, त्यांतले दोन मोडून पुन्हा बांधलेत. त्यावरून सांगते: डबा बांधा, बटण बांधा, आतला एन्कोडर (बटण-स्टिकच्या हालचालींचा सिग्नल बनवणारा भाग) बांधा. रेडिओ लहरी सोडणारा भाग मात्र तयार आणा. मासिकातलं सर्किट कपाटात जपून ठेवा, पण त्यावर विमान उडवू नका.

तुम्ही सर्किट विचारलंत, पण तुम्हाला खरं हवंय ते त्या काळच्या उडवण्याचं अंगवळण. १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे विमान रेडिओवर उडवलं. ते आज स्मिथसोनियनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये जपलेलं आहे. तेव्हापासून पुढची बरीच वर्षं उडवणाऱ्याच्या हाती फार थोडं असे. विमान मुळात स्वतःचं स्वतः तोल सांभाळून उडणारं, आणि माणूस अधूनमधून त्याला ‘जरा उजवीकडे’, ‘जरा डावीकडे’ एवढंच सांगणार. हे नातं बटणातून आणि विमानाच्या ट्रिमिंगमधून, म्हणजे ते आपलं आपण सरळ उडेल असं जुळवण्यातून, येतं. लहर २७ मेगाहर्ट्झची की २.४ गिगाहर्ट्झची, हे तुमच्या अंगठ्याला कळत नाही.

आता २७ मेगाहर्ट्झला माझा विरोध का, ते सांगते. त्या काळच्या साध्या सर्किटांसोबत सुपर-रीजनरेटिव्ह रिसीव्हर असत. त्यांची निवडक्षमता इतकी ढोबळ की मैदानावर एका वेळी एकच विमान उडू शके. दुसऱ्याने बटण दाबलं की तुमचं विमानही वळे. हे एक. दुसरं जास्त गंभीर. ऑसिलेटर (लहर निर्माण करणारा भाग) आणि त्यापुढे एक ट्रान्झिस्टर अशा सर्किटातून मूळ लहरीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेच्या लहरीही बाहेर पडतात. या पट्ट्यातल्या २७.०४५ची चौपट केली तर १०८.१८ मेगाहर्ट्झ येते, आणि १०८च्या वर खऱ्या विमानांच्या दिशादर्शक यंत्रणांचा पट्टा सुरू होतो. नीट फिल्टर बसवून या लहरी किती दबल्या, हे बघायला स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर लागतो. तो वापरता येत असेल आणि तुमच्या देशात स्वतः बांधलेला ट्रान्समीटर चालवण्याचा परवाना तुमच्याकडे असेल, तर माझं म्हणणं बदलेल. कुठला पट्टा मॉडेल विमानांसाठी खुला आहे, किती ताकद चालते, घरगुती सेटला मुभा आहे का, हे देशागणिक वेगळं असतं. आधी आपल्याकडचा नियम वाचा, मग स्क्रू वळवा.

तयार २.४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल, म्हणजे लहरी सोडणारा तयार भाग, घेतलं की हा सगळा डोंगर बाजूला होतो. फक्त एक गोष्ट घेताना बघा: त्याला पीपीएम सिग्नल देता आला पाहिजे. हल्लीची काही मॉड्यूलं फक्त वेगवान सीरियल सिग्नल घेतात. ती चांगली आहेत, पण तुमच्या पहिल्या डब्यासाठी नाहीत. पीपीएम म्हणजे एका तारेवर एकामागून एक येणारे कालखंड. प्रत्येक चॅनेलला, म्हणजे रडर, एलिव्हेटर अशा प्रत्येक नियंत्रणाला, १ ते २ मिलिसेकंद, मध्यावर १.५. सगळी चॅनेलं संपली की मोठी मोकळी जागा, आणि तिथून रिसीव्हरच्या बाजूला कळतं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. आठ चॅनेलं पूर्ण ताणली तरी १६ मिलिसेकंद होतात, २२.५ मिलिसेकंदांची चौकट (एक पूर्ण फेरी) घेतली तर साडेसहा मिलिसेकंद मोकळे राहतात. हे गणित एकदा कागदावर रेखाटून बघा, प्रोग्रॅम निम्मा समजलेला असेल.

एन्कोडरसाठी मी साधा आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, वापरते. नवशिक्याची नेहमीची चूक अशी की ‘इतका वेळ थांब’ अशा सूचना एकाखाली एक लिहून पीपीएम काढायचं. ते चालतं, पण सर्वो (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरा) किंचित थरथरत राहतात, कारण मधेच दुसरं काम आलं की थांबण्याचा वेळ काही मायक्रोसेकंदांनी हलतो. त्याऐवजी नॅनोच्या चिपमधला टायमर १ वापरा आणि ९ नंबरची पिन त्या टायमरलाच वर-खाली करू द्या. १६ मेगाहर्ट्झला ८ने भागलं की एका मायक्रोसेकंदात दोन मोजण्या होतात, १.५ मिलिसेकंद म्हणजे ३०००, पूर्ण चौकट म्हणजे ४५०००. सोळा बिटांच्या टायमरची मर्यादा ६५५३५ असल्यामुळे सगळं आरामात मावतं. या पद्धतीचे तयार प्रोग्रॅम मुक्तपणे मिळतात. एखादा घ्या, पण त्यातली प्रत्येक ओळ काय करते हे कळल्याशिवाय तो विमानाला जोडू नका. जेमतेम प्रोग्रॅमिंग येत असलं तरी दोन शनिवार-रविवार पुरतील.

एलिव्हेटर आणि थ्रॉटलला, आणि अडचणीच्या वेळी रडरलाही, छोट्या स्टिक लागतील. त्यांच्या खाली ५ किलोओहमचे लिनियर पॉट (फिरवून बदलता येणारे रोधक) असतात. इथे एक बारीक गोम आहे. पॉट फिरतो साधारण ३०० अंश, आणि स्टिक त्याला फिरवते जेमतेम ६० अंश. म्हणजे नॅनोला मिळणाऱ्या १०२४ पायऱ्यांपैकी सुमारे २०० पायऱ्याच तुमच्या वाट्याला येतात. एकेक पायरी सर्वोला पाच मायक्रोसेकंदांनी हलवते. संथ विमानाला हे चालून जातं, पण पायरी मागेपुढे उड्या मारत असेल तर एलिव्हेटर सतत कुरकुरतो. म्हणून पॉटच्या मधल्या टोकापासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, आठ-आठ वाचनांची सरासरी घ्या, आणि पॉटला वीज नॅनोच्या त्याच ५ व्होल्टवरून द्या ज्याच्याशी तो तुलना करतो. मग व्होल्टेज थोडं डगमगलं तरी गुणोत्तर तेच राहतं. कोपऱ्यात पडलेला जुना, बंद पडलेला ट्रान्समीटर मिळाला तर त्याच्या स्टिक काढून घ्या. स्वतः पत्र्यातून स्टिक बनवण्याचा हट्ट मी एकदा केला होता. महिना गेला आणि मधोमध परत येण्याची अचूकता काही आली नाही.

आता बटणाकडे येते, कारण तुमचा जीव त्यात आहे.

जुन्या काळी विमानात एस्केपमेंट नावाची चीज असे. पिळलेल्या रबराच्या ताकदीवर एक चाक फिरायचं आणि बटण दाबलं की एक घर पुढे जायचं. कंपाउंड प्रकारात एकदा दाबून धरलं की उजवीकडे, दाबून-सोडून-पुन्हा दाबून धरलं की डावीकडे, तीनदा दाबलं की तिसरं काहीतरी: इंजिनाचा वेग किंवा एलिव्हेटरला झटका. सोडलं की रडर मधोमध. तुमच्या डब्यात हे सगळं प्रोग्रॅम करेल आणि विमानात साधा सर्वो असेल. रबर संपण्याची भीती नाही.

प्रोग्रॅममध्ये मी असं ठेवते: पहिल्या दाबाला रडर लगेच उजवीकडे, वाट बघायची नाही. सोडल्यापासून ३०० मिलिसेकंदांच्या आत पुन्हा दाबलं तर ती मालिका पुढे चालू, त्याहून उशीर झाला तर नवी मालिका. यामुळे डावीकडे वळताना रडर आधी क्षणभर उजवीकडे फडकतो. खऱ्या एस्केपमेंटमध्येही तसंच व्हायचं. १८० सेंटिमीटरच्या विमानाला तेवढ्यात काही होत नाही. शेपूट किंचित हलते आणि मग विमान डावीकडे झुकतं. मी तो फडका मुद्दाम ठेवला आहे. ३०० हा आकडा माझ्या अंगठ्याचा आहे. तुमचा २५० असेल किंवा ४०० असेल. डब्याच्या मागे एक छोटा पॉट ठेवा आणि तो फिरवून आपलं अंतर शोधा.

बटण म्हणून मायक्रोस्विच घ्या, दाबल्यावर ‘टक्’ असं स्पष्ट लागणारा. मऊ रबरी बटणावर अंगठ्याला कळतच नाही की दाब लागला की नाही, आणि नजर तर विमानावर असते. स्विचचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद थडथडतात, त्याला प्रोग्रॅममध्ये २० मिलिसेकंद दुर्लक्षाचे द्या. नाहीतर एक दाब दोन मोजला जातो आणि उजवीकडे म्हणता म्हणता विमान डावीकडे जातं. माझ्या पहिल्या डब्यात हीच चूक होती. जमिनीवर दहादा दाबून बघितलं, दहाही वेळा बरोबर. हवेत थंडीत बोट आखडलेलं होतं, दाब अर्धवट बसला आणि चुकला.

बटणाबरोबर एक टॉगल स्विच ठेवाच: खाली ओढला की बटण रद्द आणि रडर साध्या स्टिकवर. घाबरल्यावर माणूस मोजणं विसरतो, मीही विसरते. झाडांच्या रांगेकडे विमान निघालं असताना ‘एकदा की दोनदा’ आठवत बसायला वेळ नसतो. हा स्विच डाव्या तर्जनीला न बघता सापडेल अशा जागी हवा.

डब्याबद्दल थोडक्यात. एक मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून सुंदर डबा होतो, हॅमर फिनिशचा करडा रंग दिला की काळ बरोबर पकडला जातो. पण २.४ गिगाहर्ट्झचा अँटेना धातूच्या आत कोंडू नका. त्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर आणि अँटेनाचा कामाचा भाग जेमतेम ३१ मिलिमीटर असतो. पत्र्यामागे गेला की संपलाच. तो वर, मोकळा आणि उभा ठेवा, आणि त्याचं टोक थेट विमानाकडे रोखू नका, टोकाच्या दिशेने सिग्नल सर्वांत क्षीण असतो. शोभेसाठी लांब टेलिस्कोपिक अँटेना लावायची हौस मलाही आहे. ती लावा, पण कशालाही जोडू नका, आणि खऱ्या अँटेनापासून दूर, दुसऱ्या कोपऱ्यात लावा.

विजेचं मात्र सविस्तर सांगते, कारण घरगुती डब्यांतली बहुतेक दुखणी तिथेच सुरू होतात. नेहमीचा ७८०५ रेग्युलेटर नीट चालायला आत सुमारे ७ व्होल्ट तरी लागतात. दोन सेलचं लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक ६.६ व्होल्टचं, त्यावर ७८०५ लावला तर तो पहिल्यापासूनच उपाशी. कमी फरकावर चालणारा एलएम२९४० घ्या आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका, त्याशिवाय तो स्थिर राहत नाही. मॉड्यूलला किती व्होल्ट चालतात ते त्याच्या कागदावर बघा आणि त्याला सोसत असेल तर थेट बॅटरीवरून द्या.

आणि चालू-बंदचा स्विच चांगला घ्या. माझं एक विमान स्विचपायी गेलं असतं. स्वस्तातला सरकता स्विच होता, गळ्यातल्या पट्ट्याला डबा अडकवलेला, वळताना कोपर लागलं. वीज गेली ती डोळ्याची पापणी लवेल एवढीच. पण नॅनो पुन्हा सुरू होताना आधी त्याचा बूटलोडर (चिपमधला, नवे प्रोग्रॅम भरून घेणारा छोटा प्रोग्रॅम) ‘नवा प्रोग्रॅम येतोय का’ म्हणून सेकंद-दोन सेकंद थांबतो, तेवढा वेळ पीपीएम नाही. त्या जुन्या मॉड्यूलमध्ये सिग्नल तुटल्यावर शेवटची स्थिती धरून ठेवण्याची सोय होती, आणि शेवटची स्थिती होती अर्धा थ्रॉटल. हातात डबा घेऊन मी मोटरचा तोच स्थिर आवाज दूर जाताना ऐकत उभी होते. डबा परत जागा झाला म्हणून विमान परतलं. घरी आल्यावर मी बूटलोडर काढून प्रोग्रॅम थेट चिपवर घातला, खटक्याने बसणारा टॉगल स्विच लावला, आणि रेग्युलेटरच्या आधी एक डायोड आणि १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला. नुसता एन्कोडर त्यावर असा एखादा झटका सहज तग धरतो.

त्यावरून फेलसेफ. सिग्नल तुटला की रिसीव्हरने काय करावं हे आधीच नोंदवून ठेवायचं असतं. सगळे सांगतात ‘थ्रॉटल बंद’, आणि ते बरोबरच आहे. पण तुमच्यासारख्या विमानाला तेवढं पुरत नाही. ही विमानं मोटर बंद झाल्यावरही सरळ, शांत, तरंगत लांबवर जातात. वर जाणारी गरम हवा मिळाली तर उलट चढतात. म्हणून मी थ्रॉटल बंदबरोबर रडर थोडा एका बाजूला नोंदवते, पूर्ण ताणाच्या साधारण चौथा हिस्सा. मग विमान मोठ्या गोलात फिरत खाली येतं, मैदानाच्या आसपासच. किती रडर, हे तुमच्या विमानावर अवलंबून आहे: आधी पुरेशा उंचीवर स्वतः मोटर बंद करून, तेवढा रडर धरून बघा. गोल आवळत जाऊन नाक खाली पडायला लागलं तर कमी करा.

प्रोग्रॅममध्येही एक कुलूप घाला: डबा सुरू करताना थ्रॉटलची स्टिक अगदी खाली नसेल तर पीपीएम सुरूच करायचं नाही, नुसता बझर वाजवायचा. १८० सेंटिमीटरच्या विमानाचा पंखा बोटांना गंभीर इजा करतो. टेबलावरच्या सगळ्या चाचण्या पंखा काढून.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: मॉड्यूल तयार, पीपीएम टायमरच्या पिनमधून, बटणाला थडथडीची सूट आणि ३०० मिलिसेकंदांची खिडकी, अडचणीला साध्या स्टिकचा स्विच, विजेला चांगला रेग्युलेटर, आणि फेलसेफमध्ये थ्रॉटल बंद अधिक थोडा रडर.

मैदानावर न्यायच्या आधी डबा टेबलावर दोन तास सलग चालू ठेवा. माझ्या डब्यांत सगळं मिळून २०० मिलिअँपिअरच्या आत वीज जाते. तुमच्यात मीटर लावून मोजा. व्होल्टेज हळूहळू कमी करता येईल असा सप्लाय असेल तर तो लावून डबा नेमका किती व्होल्टला गप्प होतो ते नोंदवा आणि बझर त्याच्या बराच वर वाजायला लावा. दोन लिथियम आयन सेलसाठी मी ७ व्होल्ट धरते. मग डबा हलवा, ठोका, पट्ट्याला अडकवून जिने चढा-उतरा. सर्वो एकदाही दचकला तर कारण सापडेपर्यंत उडवू नका. बहुतेक वेळा सोल्डर नीट न धरलेला एखादा सांधा निघतो: चकचकीत नसून मळका, दाणेदार दिसणारा. भिंगाखाली बघा आणि तो पुन्हा तापवा.

मैदानावर मॉड्यूल कमी ताकदीच्या मोडवर टाकून तीस पावलं दूर जा. दुसऱ्या माणसाने विमान पंख्याच्या मागून, छातीच्या उंचीला घट्ट धरावं. मोटर बंद असताना आणि चालू असताना, दोन्ही वेळा रडर स्वच्छ हलला पाहिजे. मग विमान तसंच पकडलेलं असताना ट्रान्समीटर बंद करा आणि मोटर थांबते का, रडर ठरलेल्या बाजूला जातो का, ते डोळ्यांनी बघा.

पहिलं उड्डाण तुमच्या त्या विमानावर नको. एखादं जुनं, फोमचं, पडलं तरी चालेल असं विमान घ्या आणि डबा साध्या स्टिकवर ठेवून चार-पाच बॅटऱ्या उडवा. मग तुमचं विमान, तेही आधी स्टिकवर, हात सोडला तरी सरळ उडेल इतकं ट्रिम होईपर्यंत. हे ट्रिमिंग फार महत्त्वाचं आहे, कारण बटणावर गेल्यावर विमानाने बहुतेक वेळ स्वतःच उडायचं असतं. मोटर बंद करून उंच गवतावर हाताने सोडून बघा: नाक न उचलता, न झुकवता, चालण्याच्या वेगाहून थोडं जास्त, असं ते उतरत गेलं पाहिजे. त्यानंतर भरपूर उंचीवर स्विच बटणाकडे करा. एकदा दाबा आणि मोजा, ‘एक, दोन’, सोडा. पंख झुकेल, विमान वळेल आणि डायहेड्रलमुळे, म्हणजे पंखांच्या वर उचललेल्या टोकांमुळे, आपोआप सरळ होईल. तेव्हा पुढचा दाब देण्याची घाई करू नका. सुरुवातीला सगळे जास्तच दाबतात.

तुमच्याकडे कुठलं रिसीव्हर आहे ते कळवा. काहींत फेलसेफ बाइंड करतानाच (रिसीव्हरची ट्रान्समीटरशी जोडी जमवतानाच) नोंदवला जातो, काहींत नंतर वेगळं बटण दाबून, आणि काही साध्या रिसीव्हरांत फक्त थ्रॉटलपुरताच असतो. तिसऱ्या प्रकारचं असेल तर रडर नोंदवता येणार नाही, मग ते रिसीव्हर बदलून घ्या आणि बाकीचं काम त्यानंतर सुरू करा.